शिरगणती

मैदानाच्या पलीकडच्या कडेला, धुक्यात निम्म्या बुडालेल्या घोळक्यातून, पोटरीला पांढरी पट्टी बांधलेला एक पाय धावत गेला आणि अंधारात पायरी चुकावी तसा नेव्हिल थॉर्बर्न जागच्या जागी अडखळला. तो पाय रेनो बुसुटिलचा होता. रेनो बुसुटिल मैदानाबाहेर असायला हवा होता. नेव्हिल मैदानात होता याचा अर्थच बुसुटिल मैदानात नाही असा होता. एकाचे असणे दुसऱ्याच्या नसण्यावर टेकवून ठेवलेले होते, भिंतीला शिडी टेकवावी तसे, आणि आता ती भिंतच उठून पळू लागली होती.

थोड्या वेळापूर्वीपर्यंत तो राखीव खेळाडूंच्या बाकावर होता. दुसरे सत्र अर्धे सरले तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आले, आणि तेव्हापासून मांडीवर करडे घोंगडे घेऊन तो बसून राहिला होता. घोंगड्याला मालिशच्या तेलाचा आणि कित्येक हिवाळ्यांच्या ओलाव्याचा वास होता. क्वारी रोड संघाचा प्रशिक्षक रॉस टिबेट्स समोर येरझारा घालत होता आणि प्रत्येक फेरीत त्याची नजर बाकावरून सरकत जात होती, रिकाम्या खुर्चीवरून सरकावी तितक्या सहजपणे. छत्तिसाव्या वर्षी माणूस हातापायांनी खेळायच्या या फुटबॉलमध्ये म्हातारा असतो. पण म्हातारपण दिसते तरी. नेव्हिल दिसतच नव्हता. मग शेवटच्या सत्रात बुसुटिल हात वर करून, तोंड वेडेवाकडे करून, कडेच्या चुन्याच्या रेघेकडे लंगडत आला, आणि नेव्हिलने घोंगडे खाली टाकले. कुणी सांगितले नव्हते. त्याने कुणाकडे पाहिलेही नाही, कारण पाहिले असते तर कुणीतरी मान हलवून त्याला पुन्हा बसवले असते. तो रेघ ओलांडून आत शिरला आणि मान खाली घालून थेट पलीकडच्या बगलेकडे, बुसुटिलच्या जागेकडे, धावत सुटला. मागे काय झाले ते त्याने पाहिले नाही. आता त्या पांढऱ्या पट्टीवरून त्याला ते सगळे एकदम दिसले. बुसुटिलला बाहेर यायचेच नव्हते. पट्टी आवळत होती म्हणून तो फक्त रेघेपर्यंत आला. मालिशवाल्याने आतच गुडघे टेकून जुनी कापली, नवी बांधली, पाठीवर थाप मारली, आणि तो पोरगा जिथे चेंडू होता तिथे परत खेळात शिरला. रेघेबाहेर त्याचे एक पाऊलही पडले नव्हते.

एका संघाची अठरा माणसे. चेंडू कुणाच्या हाताला लागला, धक्का कुणी दिला, उडी कुणी आधी घेतली, यावर या खेळात शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ वाद घालता येतो. पण अठरा म्हणजे अठरा. एकोणिसावा आत असताना समोरच्या कर्णधाराने मोजणी मागितली आणि तो सापडला, तर त्या क्षणापर्यंत संघाने मिळवलेले सगळे गुण पुसून टाकायचे. ही शिक्षा इतकी क्वचित होते की बहुतेकांनी ती फक्त ऐकलेली असते, दूरच्या नात्यातल्या कुणाच्या तरी वेडाबद्दल ऐकलेले असते तशी. आणि आज हंगामाचा शेवटचा शनिवार होता. क्वारी रोड दोन गोलांनी पुढे होते. जो जिंकेल तो चौथ्या जागेवर बसून पहिल्या चार संघांच्या फायनल्समध्ये जाणार होता, जो हरेल त्याचा हिवाळा इथेच संपणार होता. क्लबच्या खोलीतल्या लाकडी फलकावर फायनल्सची साले सोनेरी अक्षरांत लिहिलेली होती, आणि ती अक्षरे एका जुन्या सालापाशी येऊन थांबली होती. त्याखालचे मोकळे लाकूडच आता जास्त चकचकीत दिसे, कारण पुसायला ते सोपे होते. आठवडाभर खाटकाच्या काचेवर हिरवे-पांढरे कागद लावलेले होते. ज्यांच्या मागच्या अंगणातल्या खोलीत नेव्हिल भाड्याने राही त्या मिसेस पप्पास, ज्यांना हा खेळ म्हणजे चिखलातली मारामारी वाटे, त्यांनीही काल कपडे वाळत घालता घालता विचारले होते, "उद्या जिंकणार ना रे तुम्ही?" आणि त्या प्रश्नात आपण धरले आहोत की नाही, याचा विचार करत तो बादली हातात घेऊन उगाच उभा राहिला होता.

बाहेर पडायचे. आता, याच क्षणी, जवळच्या कडेने गुपचूप बाहेर पडायचे. इतके सोपे होते ते. पण मघाशी चेंडू त्याच्याकडे आला होता. पांढरी पट्टी दिसण्याच्या जरा आधी, उंच, ओला, जड, धुक्यातून खाली येताना स्वतःभोवती आळसावून फिरणारा, आणि त्याने समोरच्याच्या खांद्यावरून मूठ मारून तो रेघेबाहेर घालवला होता. मुठीच्या हाडांवर त्या चामड्याची थंड चपराक अजून होती. कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या मोटारींपैकी एकीचा हॉर्न वाजला होता. एकच, बारकासा. गोल झाला की सगळ्या मोटारी मिळून वाजत तसा नव्हे. एका माणसाने एका माणसासाठी वाजवलेला. त्या आवाजाची ऊब छातीत धरून तो उभा होता आणि स्वतःला सांगत होता की बुसुटिल आत आहे म्हणजे दुसरे कुणीतरी बाहेर गेले असणार, रॉसने पाहिले असणार, सावरून घेतले असणार. इतक्या मोठ्या, इतक्या लोकांनी भरलेल्या दुपारी एक माणूस जास्त झाला तर ते कुणाच्या तरी लक्षात आल्यावाचून कसे राहील? त्याने स्वतः मोजले नाही. मान वळवून अठरा हिरव्या पाठी मोजायला कितीसा वेळ लागतो? त्याने मोजले नाही.

"काय आजोबा," शेजारचा म्हणाला. समोरच्या संघाचा, हॅडली पार्कचा, हा लाल केसांचा, बुटका, चिवट माणूस त्याच्या वाट्याला आला होता आणि आल्यापासून त्याच्या बरगडीत कोपर खुपसत होता. "घोंगड्यात झोप लागत नव्हती वाटतं?"

"लागली होती. तुझ्या आईनं उठवलं."

"माझी आई आंधळी आहे रे, तिचं सोड. पण तुमच्या टिबेट्सला काय झालं? म्युझियममधून माणसं आणायला लागला की काय?"

"आलाच आहेस तर तिकीट काढ," नेव्हिल म्हणाला, आणि दोघेही हसले. या हसण्यात काही खोटे नव्हते. कोपर खुपसणाऱ्या माणसाला निदान समोर बरगडी आहे हे मान्य असते. मग लाल केसांच्या माणसाचे हसणे तोंडावर तसेच राहिले आणि डोळे मात्र हळूहळू नेव्हिलला सोडून मैदानभर फिरू लागले. पांढऱ्या पट्टीपाशी ते थांबले. परत नेव्हिलवर आले. मग त्याचे ओठ हलू लागले, चर्चमध्ये शब्द न येणारा माणूस इतरांबरोबर हलवतो तसे. आणि तो आपली जागा सोडून आपल्या कर्णधाराकडे पळत सुटला.

मोजणारे ओठ. एडना मावशीचे ओठ असेच हलत. वडील गेल्यावर आईने भावंडांना वाटून टाकले होते; थोरला शेतावर, बहीण नन्सच्या मठात, आणि नेव्हिल मावशीकडे, जिथे आधीच सहा मुले होती. मावशी वाईट नव्हती. हे तो आयुष्यभर सगळ्यांना सांगत आला होता, कुणी विचारले नसतानाही. संध्याकाळी कोकराच्या बरगडीचे तुकडे तव्यावर चरचरत आणि मावशी हातातल्या काट्याने हवेत मोजी, आणि मोजणी दर वेळी सहापाशीच येऊन अडखळे, कारण खाटकाकडे ती जुन्या सवयीने जुनेच प्रमाण सांगून येई. मग ती म्हणे, "चला, नेव्हसाठी थोडं थोडं काढा." आणि सहा सुऱ्या सहा तुकड्यांच्या कडेवरून फिरत. कुणी चरबी काढून देई, कुणी हाडाजवळचे गोड मांस. बर्ट नावाचा मावसभाऊ नेहमी सगळ्यात मोठा वाटा देई आणि देताना त्याच्याकडे बघत नसे. नेव्हिलच्या ताटलीत अशी सहा माणसांची सहा टोके जमत. पोट भरे. खरे सांगायचे तर एखाद दिवशी इतरांपेक्षा जास्तच भरे. पण पुढे लग्न झाल्यावर पहिल्यांदा लॉरेनने त्याच्यासमोर एक अख्खा, न कापलेला तुकडा ठेवला, तेव्हा तो सुरी हातात घेऊन बराच वेळ बसला होता, आणि लॉरेन म्हणाली होती, "काय झालं? करपला का?" करपला नव्हता. त्याला कुठून कापायला सुरुवात करायची ते कळत नव्हते.

लॉरेन आता शहराच्या पूर्वेकडे, टेकड्यांच्या बाजूला राहते, ग्रेअमबरोबर. महिन्यातल्या एका रविवारी नेव्हिल लेकीला भेटायला जातो आणि ते त्याला जेवायला थांबवतात. सगळे फार नीट वागतात. ग्रेअम गॅरेजमधून घडीची खुर्ची आणतो, फडक्याने पुसतो, उघडतो, स्वतः त्या खुर्चीवर बसतो आणि नेव्हिलला आपली खुर्ची देतो. आणि जेवण होईपर्यंत नेव्हिलच्या नाकात पेट्रोलचा वास येत राहतो, ती खुर्ची टेबलाच्या पलीकडे असूनही. लोकरीच्या गोदामात तो एका लांब टेबलापाशी उभा राहून दिवसभर लोकर निवडतो. तिथे बोटे काम करतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही, ते बरे असते. लोकरीच्या चरबीने हात बायकांच्या हातांसारखे मऊ होतात आणि शनिवारी चेंडू त्यांतून निसटतो. तरीही शनिवार हाच एक दिवस. गुरुवारी रात्री सरावानंतर संघाची नावे वाचली जातात तेव्हा आपले नाव येईपर्यंतचे ते जड, तेलकट, श्वास धरून बसलेले मौन. आणि नाव आल्यानंतर, पुढचे नाव येण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या क्षणात, एका खोलीत, एका माणसाच्या तोंडून, आपण आहोत असे जाहीर होणे. यासाठी तो वीस वर्षे चिखलात आला होता. हे त्याने कधी कुणाला सांगितले नव्हते; सांगण्यासारखे ते नव्हतेच.

पंचाची शिट्टी लांब, न संपणारी वाजली. हॅडली पार्कचा कर्णधार मध्यभागी दोन्ही हात वर करून उभा होता. पंच तरुण होता, एरवी कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवणारा, चष्मा काढून ठेवल्यामुळे सगळीकडे डोळे बारीक करून पाहणारा. त्याने घड्याळ थांबवण्याची खूण केली आणि हाताने सगळ्यांना मध्यभागी बोलावले. मागच्या विजेच्या तारांची गुणगुण ऐकू येऊ लागली. चामड्याच्या कारखान्याचा आंबूस वास, जो खेळ चालू असताना नसतो, तो परत आला. हिरव्या पाठी दूरदूरच्या कोपऱ्यांतून मध्यभागाकडे चालू लागल्या. नेव्हिल जागचा हलला नाही. तो सगळ्यांत लांब होता, कुंपणाला सगळ्यांत जवळ. धुके इथे दाट होते.

"नेव्ह. ए पोरा. इकडे बघ."

कुंपणाला लागून उभ्या असलेल्या जुन्या निळ्या मोटारीची काच खाली केलेली होती आणि आत अर्नी डन्स्टन होता. फलकावरचे शेवटचे सोनेरी साल ज्या संघाचे, त्या संघाचा अर्नी. आता फुप्फुसे निकामी झालेली. दगडाच्या खाणीतली धूळ, डॉक्टर म्हणतात. मोटारीतून उतरणे होत नाही म्हणून त्याची मुलगी शनिवारी सकाळीच मोटार इथे लावून जाते आणि संध्याकाळी घेऊन जाते. मघाचा हॉर्न त्याचाच होता. सोळा वर्षांच्या नेव्हिलला मावशीच्या दारातून हाताला धरून या मैदानावर आणणारा माणूसही तोच होता.

"मी मोजलंय," अर्नी कुजबुजला. प्रत्येक शब्दामागून एक शिट्टी येत होती. "तू जास्तीचा आहेस."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणतो! मग खांब झालास का तिथे? वाक. तारेखालून ये." पलीकडचे दार त्याने आधीच ढकलून उघडले होते. मांडीवरचा मोठा काळा कोट त्याने काचेतून बाहेर धरला. "हा घाल अंगावर आणि बस माझ्या शेजारी. म्हातारा अर्नी आणि त्याचा कुणीतरी भाचा. झालं."

"पंचानं पाहिलं तर?"

"त्याला स्वतःचे बूट दिसत नाहीत. आणि पाठ आहे त्याची. सगळ्यांची पाठ आहे, बघ ना."

खरेच सगळ्यांच्या पाठी होत्या. "आणि तो लाल केसांचा?"

"बोंबलेल. बोंबलू दे. रांगेत अठरा भरले की विषय संपला. उलट खोटी मोजणी मागितली म्हणून चेंडू आपल्याला देतील." अर्नी हसला आणि त्याचे खोकल्यात रूपांतर झाले. खोकला थांबेपर्यंत तो नेव्हिलच्या मनगटाला धरून राहिला. त्याचा हात लोकरीपेक्षाही हलका होता. "पोरा, मला पुढचा हिवाळा नाही. हे रडगाणं नाही, डॉक्टरचा हिशेब आहे. एकदा आपली पोरं फायनल्सला गेलेली बघू दे. एवढंच. मग मला पेटीत घालताना कुणी तक्रार ऐकणार नाही."

मोटारीच्या आतून ऊब येत होती. थर्मासमधल्या चहाची, जुन्या कातडी बैठकीची, हळू आवाजात चाललेल्या रेडिओची ऊब. तारेवर हात ठेवून नेव्हिल खाली वाकला. त्याने एक पाय उचलला देखील. त्याला दिसले की हे होणार, हे बरोबर आहे, आणि आजच्या दिवसात त्याने संघासाठी केलेले हेच सगळ्यांत मोठे काम असेल. खेळ संपल्याचा भोंगा वाजेल, सगळ्या मोटारी एकदम ओरडतील, हा म्हातारा रडेल, आणि तो कोटाच्या आत बसून ते पाहील. मनात आता कसलाही विरोध नव्हता. फक्त एक भीती बारीक उरली होती आणि ती त्याने विचारली.

"पण रॉस? आणि बाकाशी असलेले लोक? त्यांना कळेल ना, मी आत आलो होतो म्हणून."

"कसं कळेल?" अर्नी घाईने, मायेने म्हणाला. तो नेव्हिलला धीर देत होता. "रॉसला वाटतंय तू अजून घोंगडं पांघरून बसलायस. कुणाला पत्ताच नाही. अरे वेड्या, तुला कुणी पाहिलंच नाहीये."

नेव्हिल वाकलेलाच राहिला. गवतात, त्याच्या बुटाच्या टोकाशी, चिखलात एका पायाचा ठसा होता आणि त्यात पाणी साचू लागले होते. तो ठसा त्याचाच होता. त्याने पाय सावकाश परत त्या ठशात ठेवला. मग तो सरळ झाला.

"नेव्ह?"

त्याने मनगट सोडवून घेतले. जोराने नाही.

"नेव्ह, वेळ नाहीये. नेव्हिल! अरे काय करतोस?" अर्नीला ओरडता येत नव्हते, ओरडले असते तर पाठी वळल्या असत्या. हॉर्नवर हात ठेवता येत नव्हता. फक्त ती कुजबुज मागून येत राहिली, श्वासाच्या शिट्टीत गुंडाळलेली, आणि काही पावलांनंतर धुक्यात तीही ऐकू येईनाशी झाली.

मध्यभागी चिखल घोट्यापर्यंत होता. चालताना नेव्हिलला वाटत होते की हे आपण प्रामाणिकपणामुळे करतो आहोत असे नंतर कुणीतरी म्हणेल, कदाचित पंच, कदाचित लॉरेन, आणि ते खोटे असेल. नियमाचा विचार त्याच्या मनात क्षणभरही आला नव्हता. त्याला फक्त त्या रांगेत उभे राहायचे होते. एवढी एकच गोष्ट त्याला इतक्या स्पष्टपणे हवी होती की तिच्या कडा हवेत दिसत होत्या. आणि तिच्यामुळे कुणाचे काय जाणार आहे हेही तितकेच स्पष्ट दिसत होते, आणि तरी पाय चालत होते.

"चला रे, मोजू द्या बिचाऱ्यांना," कर्णधार डग लोफ्टस रांगेच्या पहिल्या टोकाला उभा राहून हसत होता. "हरायला लागले की हॅडलीवाल्यांना आकडे आठवतात. ए, पोट आत घ्या, नाहीतर हार्पर दोनदा मोजला जाईल." हशा उठला. वाफा निघाल्या. नेव्हिल रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी बुसुटिल होता, पोटरीवरची नवी पट्टी आता चिखलाने काळी झालेली.

"अरे नेव्ह," तो आनंदाने म्हणाला, "तू कधी आलास?" आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्याने आपल्या पायाकडे पाहिले, बाकाकडे पाहिले, नेव्हिलकडे पाहिले. मग त्या वीस वर्षांच्या पोराने समोर, कुठेही नाही अशा ठिकाणी, नजर लावली.

पंच प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावत येत होता, मोठ्याने मोजत. प्रत्येक आकडा ज्याला मिळे तो जरा ताठ होई. नेव्हिल ऐकत होता. त्याच्या अंगावर, गळ्यापासून मनगटापर्यंत, शहारे येत होते, आणि ते भीतीचे नव्हते याची त्याला लाज वाटत होती. बोट बुसुटिलच्या खांद्यावर आले. "अठरा." मग भूगोलाच्या मास्तराने डोळे बारीक करून नेव्हिलकडे पाहिले, फार जवळून, फार लक्षपूर्वक, जणू नकाशावर नसलेले गाव सापडले होते. बोट उचलले गेले आणि टेकले. ते थंड होते.

"एकोणीस," तो म्हणाला, माफी मागितल्यासारखा.

"चुकलंय!" लोफ्टस दुसऱ्या टोकावरून गरजला. "धुक्यात चुकलंय तुमचं. परत मोजा."

"मोजतो," पंच म्हणाला. "या टोकापासून मोजतो." आणि त्याने बोट न उचलता, तिथेच, त्याच खांद्यावर, म्हटले, "एक."

नेव्हिलने डोळे मिटले. पंच दूर जात राहिला, आकडे वाढत राहिले, आणि शेवटी लोफ्टसच्या पाशी, खुद्द कर्णधारापाशी पोचून, हिशेब पुन्हा एकाने जास्त भरला. "एकोणीस." लोफ्टस स्वतःच्या खांद्यावरच्या त्या बोटाकडे असा पाहत राहिला, जणू कुणी त्याच्या छातीवर परक्या घराचा पत्ता चिकटवला असावा. त्याला काही कळत नव्हते. रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडावर तेच होते. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहत होता आणि शेजारी त्याच्याकडे.

मग पत्र्याच्या शेडवर चढलेल्या माणसाने गुणफलकावरचे क्वारी रोडचे आकडे खिळ्यांवरून एकेक करून उतरवले. पत्र्यावर पत्रा आपटल्याचे आवाज सगळ्यांनी ऐकले. रिकामे खिळे राहिले. हॅडली पार्कचे लोकसुद्धा ओरडले नाहीत. नुसता एक श्वास मैदानाभोवती फिरला.

"कोण?" लोफ्टस रांगेसमोरून चालत आला. "कोण घुसलं आत?"

बुसुटिल खाली बघत राहिला.

"मी," नेव्हिल म्हणाला.

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही," लोफ्टसने तेच शब्द परत म्हटले. तो मारील असे नेव्हिलला वाटले होते, आणि त्याची तयारी होती. पण लोफ्टसचे हात खाली लोंबत होते आणि त्याच्या तोंडावर राग नव्हताच. नुसते एक थकलेले, खरेखुरे कुतूहल होते. "मग आलास कशाला रे, भल्या माणसा?"

याचे उत्तर होते, पण ते या मैदानावर, या वाऱ्यात, दुसऱ्या कुणाला ऐकू गेले नसते.

"एकानं बाहेर व्हा," पंच हळूच म्हणाला. "त्याशिवाय मला खेळ सुरू करता येणार नाही."

नेव्हिल निघाला. बाकाच्या बाजूची कडा लांब होती आणि तो धावला नाही. मागे कुठेतरी एक इंजिन खोकत सुरू झाले. अर्नीची मुलगी यायला अजून वेळ होता, म्हणजे तो स्वतःच चालवायला बसला होता. दिवे धुक्यात वळले, मैदानाकडे पाठ फिरवून हळूहळू लहान झाले आणि विझले. नेव्हिलने ते मान वळवून पाहिले. तो चालत राहिला. पंच चेंडू काखेत धरून थांबला होता. छत्तीस माणसे कमरेवर हात ठेवून थांबली होती. घड्याळ थांबलेले होते, मोटारींच्या काचा खाली झाल्या होत्या, कुंपणावरच्या बायकांनी पोरांना गप्प केले होते, आणि मैदानावर त्याच्या बुटांचा चिखलातून निघतानाचा आवाज तेवढा होत होता. इथून पुढे प्रत्येक हिवाळ्यात, क्लबच्या खोलीत, बिअरच्या पेल्यांवर कुणीतरी आजच्या दिवसाची गोष्ट काढील, बोटांवर नावे मोजत येईल, आणि शेवटी त्याचे नाव घेईल. त्याच्याशी तेव्हा बोलणारे कुणी नसेल, पण नाव घेतल्यावाचून कुणाला पुढे जाता येणार नाही.

चुन्याची रेघ आली. पावसाने ती जागोजागी वाहून गेली होती, पण इथे अजून पांढरी होती. त्याने एक पाऊल पलीकडे टाकले आणि तो थांबला. मागे सगळे मैदान त्याच्या दुसऱ्या पावलाची वाट पाहत होते.